बोरघाटातील जकात

बोरघाटातील जकात : कोकण आणि देश यांना जोडणाऱ्या बोरघाटातून जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर घेतला जाणारा मार्गकर. हा कर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रद्द झाला. परंतु त्याने भरून येणारी सरकारी गरज रद्द झाली नाही. त्याच्या जागी मिठावरील कर, नंतर प्राप्तिकर, नगरपालिकेची जकात, विक्रीकर आणि अखेरीस वस्तू व सेवा कर असे कर क्रमाने आले. उत्पन्नावर कर घ्यावा की खरेदीवर, हा राजस्वशास्त्रातील जुना वाद मावळ व लोणावळा या टापूत प्रत्यक्ष व्यवहारात कसा सुटत गेला, हे या करांच्या अदलाबदलीवरून दिसते.

घाटमाथ्यावर खंडाळा व लोणावळा, पायथ्याशी खोपोली अशी या वाटेची दोन टोके आहेत. माथ्यापासून पूर्वेस पसरलेल्या अंदर, नाणे व पवन या मावळांचा मिळून आजचा मावळ तालुका झालेला असून त्याचे ठाणे वडगाव येथे आहे. राजमाची, लोहगड आणि विसापूर हे किल्ले या वाटेवर नजर ठेवून आहेत. पेण, पनवेल व उरण येथील मिठागरांचे मीठ, नारळ, सुकी मासळी आणि बंदरांतून उतरलेला परदेशी माल घाट चढून वर जाई. धान्य, कापूस, गूळ व तूप खाली उतरे. मावळात भात चांगला पिकतो, पण मीठ पिकत नाही. पुढील सर्व इतिहास समजण्यास ही साधी गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या मार्गावरील करांचा उल्लेख प्राचीन आहे. लोणावळ्याजवळील कार्ले येथील लेण्यांत सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी कोरलेला एक लेख असून त्यात महारठी सोमदेव याने लेण्यांतील भिक्षुसंघास एक गाव त्यावरील लहानमोठ्या सर्व करांसह दिल्याची नोंद आहे. याचा अर्थ गावाचे कर नाहीसे झाले नाहीत, ते घेणारा बदलला. कर माफ होणे आणि कराचे धनी बदलणे यांतील फरक पुढील काळातही वारंवार विसरला गेला.

मराठी अंमलात जकात हे जमीनमहसुलाखालोखाल महत्त्वाच्या उत्पन्नांपैकी एक होते. माल भरावयाच्या ठिकाणी घेतली जाणारी ती थळभरीत, माल मोडावयाच्या म्हणजे विकावयाच्या ठिकाणी घेतली जाणारी ती थळमोड आणि कापडादी मालावर शिक्का मारण्याबद्दलचा तो छापा, असे तिचे प्रकार असत. याखेरीज दुकानदार व कारागीर यांच्या धंद्यावर मोहतर्फा नावाची पट्टी असे. जकातीची आकारणी बहुधा बैलाच्या ओझ्यावर होई. दर मालागणिक व ठाण्यागणिक निरनिराळे असत. वसुली कमाविसदारांमार्फत किंवा मक्त्याने होई. प्रत्येक प्रांताची जकात वेगळी असल्यामुळे लांबच्या मालाला ती अनेकदा द्यावी लागे. या जाचातून हुंडेकरी नावाचा एक स्वतंत्र धंदाच निर्माण झाला. व्यापाऱ्याकडून एकरकमी पैसे घेऊन वाटेतील सर्व ठाण्यांच्या जकातीचा चुकारा करून माल पोचता करणे, हे हुंडेकऱ्याचे काम. मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात या पद्धतीचे वर्णन केले आहे. अनेक करांऐवजी एकच ठोक रक्कम भरण्याची ही सोय सरकारने नव्हे, तर बाजाराने शोधून काढली होती.

जकात हे केवळ उत्पन्नाचे साधन नव्हते. बारदेशातील पोर्तुगीज मीठ स्वस्त पडून स्वराज्यातील मिठाचा व्यापार बुडू नये, म्हणून शिवाजी महाराजांनी १६७१ मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना बारदेशी मिठावर जबर जकात बसविण्याची आज्ञा केली होती. देशी उत्पादनाच्या संरक्षणासाठी कर वापरण्याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण होय.

बोरघाटाची जुनी वाट बैलांची होती. १८०४ मध्ये वेल्झली याने तोफा नेण्याइतपत ती सुधारली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर मावळ पुण्याच्या कलेक्टराच्या हाताखाली आले. कंपनी सरकारने जकात चालू ठेवली व तिचे मक्तेही चालू ठेवले. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने चाकांच्या गाड्यांसाठी बांधविलेला नवा घाटरस्ता १० नोव्हेंबर १८३० रोजी खुला झाला आणि त्यामुळे एक विसंगती उघडी पडली. माल जलद जावा म्हणून सरकारने रस्ता बांधावा आणि त्याच सरकारच्या मक्तेदाराने ओझी मोजण्यासाठी तो माल अडवून धरावा, हे फार काळ टिकण्यासारखे नव्हते. बंगालमधील अंतर्गत जकातींवर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने १८३० नंतरच्या दशकात कडक टीका केली. वसूल होणाऱ्या रकमेपेक्षा नाक्यांवरील लाचलुचपत व खोळंबा यांमुळे होणारी हानी अधिक आहे, असे त्याच्या टीकेचे सार होते. बंगालमध्ये त्या जकाती १८३६ मध्ये गेल्या. मुंबई इलाख्यात १८३८ च्या पहिल्या कायद्याने त्या रद्द झाल्या. मद्रासला १८४४ पर्यंत थांबावे लागले.

व्यापाऱ्यांना हा बदल सुखाचा झाला यात शंका नाही. तथापि तो फुकट झाला नाही. सरकारने तुटीची भरपाई मुख्यतः दोन मार्गांनी केली : बंदरांतील आयात-निर्यात शुल्क वाढविले आणि मिठागरांतून बाहेर पडणाऱ्या मिठावर १८३७ च्या कायद्याने दर मणास ८ आणे कर बसविला. हा मण ८० तोळ्यांच्या शेराचा, म्हणजे सु. ३७ किग्रॅ.चा होता. या कराची वसुली सोपी होती. मिठागरे मोजकी, किनाऱ्यावर एकत्र असलेली. तेथे पहारा ठेवला की काम झाले. घाटातील नाका उठला, बैल अडेनासे झाले, आणि कर मिठाच्या किमतीत मिसळून मावळातील प्रत्येक चुलीपर्यंत पोचला. तो दिसत नव्हता, म्हणून त्याविरुद्ध भांडणेही कठीण होते. पूर्वी जकातीचा काही भाग तरी उंची कापड, मसाले, धातू अशा श्रीमंती मालावर पडत असे. मिठाच्या बाबतीत सावकार आणि त्याचा गडी यांचा खप जवळजवळ सारखाच, किंबहुना उन्हात राबणाऱ्याचा व गुरे पाळणाऱ्याचा थोडा अधिकच.

हीच अदलाबदल १८४४ मध्ये पुन्हा झाली. मोहतर्फा व शहरांतील काही जुन्या पट्ट्या रद्द करून मिठावरील कर मणास ८ आण्यांवरून एकदम १ रुपया करण्यात आला. सुरतेत त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये याविरुद्ध दंगल उसळली आणि सरकारला दर १२ आण्यांवर आणावा लागला. सुरतेचे व्यापारी व कारागीर एका शहरात दाटीने राहणारे, संघटित व बोलके होते. ज्यांच्यावरील मोहतर्फा गेला त्या कारागिरांपैकी कित्येकांनाही मिठाचा वाढीव कर नको होता, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य. डोंगरांतील वाड्या-वस्त्यांत विखुरलेल्या मावळच्या शेतकऱ्याला असा आवाज नव्हता. सुरतेच्या दंगलीने मिळालेली चार आण्यांची सूट मात्र त्यालाही लाभली.

प्राप्तिकर भारतात आला तो १८५७ च्या उठावाचा खर्च भरून काढण्यासाठी. अर्थखात्याचा सभासद जेम्स विल्सन याने १८६० मध्ये तो लागू केला. वार्षिक २०० ते ५०० रुपये उत्पन्नावर शेकडा २ आणि त्यापुढील उत्पन्नावर शेकडा ४ असा दर होता. शेतीच्या उत्पन्नालाही त्यातून सूट नव्हती. यास सर्वांत तीव्र विरोध केला तो ट्रेव्हेलियन यानेच. तो त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर होता व उघड विरोधाबद्दल त्याला परत बोलाविण्यात आले. पुढे १८६३ मध्ये तोच अर्थखात्याचा सभासद होऊन परतला आणि १८६५ मध्ये त्याने या कराची मुदत संपू दिली. अंतर्गत जकात व प्राप्तिकर हे दोन्ही त्याला सारखेच जाचक वाटत. पहिला माल अडवतो, दुसरा माणसाच्या घरात शिरून त्याची मिळकत विचारतो. त्याचा पहिला आक्षेप अनुभवाने खरा ठरला. दुसऱ्याबद्दल तसे म्हणता येत नाही, कारण प्राप्तिकर गेल्यावर जे उरले ते मिठावरचे वाढते ओझे होते. १८६७ मध्ये धंद्यांवर परवानापट्टी, १८६९ मध्ये पुन्हा प्राप्तिकर, १८७३ मध्ये तो पुन्हा रद्द, असा खेळ चालू राहिला. मुंबई इलाख्यातील मिठाचा दर मात्र एकाच दिशेने चालला होता : १८५९ मध्ये १ रुपया, १८६१ मध्ये सव्वा रुपया, १८६५ मध्ये दीड रुपया, १८६९ मध्ये १ रुपया १३ आणे.

याच काळात घाटाचे स्वरूप पालटले. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये आणि बोरघाटाचा चढ २१ एप्रिल १८६३ रोजी वाहतुकीस खुला झाला. मिठाच्या गोणी आगगाडीने वर येऊ लागल्या. वंजाऱ्यांचे तांडे व हुंडेकरी यांचा धंदा बसला. वाहतूक स्वस्त झाल्याने मीठ स्वस्त व्हावे अशी अपेक्षा बाळगणे रास्त होते. परंतु वाहतुकीत झालेल्या बचतीचा मोठा वाटा वाढत्या कराने खाल्ला.

सर्वांत कठोर वाढ १८७७ च्या अखेरीस, म्हणजे दख्खनच्या मोठ्या दुष्काळात (१८७६–७८) झाली. उत्तर हिंदुस्थानात मिठाची चोरटी आयात रोखण्यासाठी काटेरी कुंपणाची शेकडो मैलांची अंतर्गत जकातरेषा उभी होती. ती मोडावयाची तर सर्व प्रांतांतील मिठाचे दर जवळजवळ आणणे भाग होते. म्हणून बंगालमधील दर उतरविण्यात आला व मुंबई-मद्रासचा अडीच रुपयांपर्यंत चढविण्यात आला. जकातरेषा १८७९ मध्ये मोडली, व्यापार मोकळा झाला. तर्क १८३८ चाच होता आणि किंमत देणाराही तोच. चाळीस वर्षांत मावळातील मिठावरील कर पाचपट झाला होता. माणशी वर्षाला १०–१२ पौंड मीठ धरले, तर पाच माणसांच्या कुटुंबावर तो वर्षाकाठी दीड ते पावणेदोन रुपयांच्या आसपास बसे. त्या वेळच्या शेतमजुराच्या दृष्टीने ही कित्येक दिवसांची मजुरी होती. १८७३ पासून १८७८ पर्यंत, जेव्हा मुंबई इलाख्यात पुन्हा परवानापट्टी आली तोवर, पुण्यातील बड्या सावकारास आपल्या मिळकतीवर काहीच द्यावे लागत नव्हते. जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याचा असूड (१८८३) मध्ये शेतकऱ्यावरील करांचा जो पाढा वाचला आहे, त्यात मिठावरील कर आणि नगरपालिकांची जकात या दोहोंचा समावेश आहे.

१८८६ च्या कायद्याने प्राप्तिकर कायमचा झाला. वार्षिक ५०० रुपयांखालील उत्पन्न आणि शेतीचे उत्पन्न यांना त्यात सूट होती. दोन हजारांपर्यंतच्या पगारावर दर रुपयास ४ पै हा दर असल्याने वर्षाला ६०० रुपये मिळविणाऱ्या कारकुनास साडेबारा रुपये भरावे लागत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ मध्ये वरिष्ठ विधिमंडळात केलेल्या आपल्या पहिल्या अर्थसंकल्पीय भाषणात मिठावरील कर उतरवावा आणि प्राप्तिकराची सूटमर्यादा वाढवावी, अशा दोन मागण्या एकत्र मांडल्या. सरकारजवळ शिल्लक साठत असताना दरिद्री लोकांवर इतका कर ठेवणे अन्यायाचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०३ मध्ये मिठाचा दर अडीचवरून दोन रुपयांवर आला आणि सूटमर्यादा हजार रुपये झाली. त्यानंतर दर उतरत जाऊन १९०७ मध्ये १ रुपयावर स्थिरावला. १९२३ मध्ये तो पुन्हा अडीच रुपये करण्यात आला खरा. पण विरोधामुळे वर्षभरातच निम्मा करावा लागला. शेतीच्या उत्पन्नास प्राप्तिकरातून मिळालेली सूट शेतकऱ्यावरील उपकार समजू नये. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दाखवून दिले, की प्राप्तिकर ऐपत पाहून व किमान मर्यादेनंतरच घेतला जातो, तर जमीनमहसूल एका एकराच्या धन्यालाही चुकत नाही. अर्ध्या-एक एकराच्या भातखाचरांवर जगणाऱ्या मावळास हे विवेचन तंतोतंत लागू पडते.

लोणावळ्याची नगरपालिका १८७७ ची. रेल्वेमुळे वाढलेल्या, आणि पुढे मुंबईकरांचे हवा खाण्याचे ठिकाण झालेल्या या गावाला पाणी, रस्ते व स्वच्छता यांसाठी पैसा लागे, आणि इलाख्यातील बहुतेक नगरपालिकांप्रमाणे जकात हे त्याचे हुकमी साधन होते. अशा रीतीने १८३८ मध्ये घाटातून उठलेला नाका गावाच्या वेशीवर पुन्हा उभा राहिला. नगरपालिकेची जकात गावात खपणाऱ्या मालापुरतीच असावी, पुढे जाणाऱ्या मालावर नसावी, असा भेद कायद्यात होता. तो नाक्यावर प्रत्यक्षात पाळणे अवघड जाई. महाराष्ट्रातील नगरपालिकांची जकात १ जुलै १९९९ पासून रद्द झाली आणि तिच्याऐवजी राज्याकडून अनुदान देण्यात येऊ लागले. खोळंबा थांबला, पण नगरपालिकेचे एक स्वतःचे साधनही गेले. बहुतेक महानगरपालिकांची जकात त्यानंतर स्थानिक संस्था कर होऊन २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात लीन झाली.

विक्रीकर मुंबई प्रांतात १ ऑक्टोबर १९४६ पासून आला. मिठावरील कर १ एप्रिल १९४७ पासून गेला. मध्ये अवघे सहा महिने. जुन्या कराचे बदली उत्पन्न म्हणून विक्रीकराकडे पाहण्याची प्रथा मद्रासमध्ये सी. राजगोपालाचारी यांनी १९३९ मध्ये पाडली होती. तेथे दारूबंदीने गेलेले उत्पन्न भरून काढावयाचे होते. राज्याच्या हाती प्राप्तिकर नसल्याने विक्रीकर हाच महाराष्ट्राच्या तिजोरीचा कणा बनला. १९५९ च्या कायद्याने त्याची पुनर्रचना झाली, १ एप्रिल २००५ पासून त्याची जागा मूल्यवर्धित कराने व १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने घेतली.

प्राप्तिकर समूळ काढून टाकून खर्चावरच कर घ्यावा, असे प्रस्तावही येत राहिले आहेत. निकोलस कॅल्डॉर यांच्या १९५६ च्या अहवालावरून भारतात १९५८ पासून खर्चकर लागू झाला, पण तो प्राप्तिकराच्या जोडीने व थोड्या श्रीमंतांपुरता. वसुली नगण्य ठरून एकदा रद्द व पुन्हा लागू होऊन १९६६ मध्ये तो संपला. अमेरिकेत १९९९ पासून प्रतिनिधिगृहात वेळोवेळी मांडल्या गेलेल्या विधेयकात प्राप्तिकराऐवजी राष्ट्रीय विक्रीकराची योजना आहे. गरिबांवरील भार हलका करण्यासाठी प्रत्येक कुटुंबास दरमहा ठरावीक रक्कम आगाऊ परत करण्याची तरतूद तिच्यात असली, तरी ती मंजूर झालेली नाही. महाराष्ट्रात अनिल बोकील व त्यांच्या अर्थक्रांती या संस्थेने आयातशुल्क वगळता प्राप्तिकरासह सर्व कर रद्द करून बँकेतील जमेवर एकच व्यवहार कर घ्यावा, असे सुचविले आहे. याचे साम्य विक्रीकरापेक्षा जुन्या जकातीशी अधिक आहे : ओझे जितकी ठाणी ओलांडील तितक्यांदा कर. माल कारखान्यापासून गिऱ्हाइकापर्यंत जितक्या हातांतून जाईल तितक्यांदा हा कर त्यात मुरत जाणार, आणि मूल्यवर्धित करात मिळणारी आधीच्या कराची वजावट येथे नाही. सोपेपणा हे या योजनेचे खरे बळ आहे. परंतु सोपी वसुली आणि न्याय्य वाटणी या निरनिराळ्या गोष्टी असल्याचे मिठागरांच्या उदाहरणावरून दिसून येते.

खरेदीवरील कराचा न्याय-अन्याय बराचसा वस्तूंच्या यादीवर ठरतो, आणि ती यादी ठरविण्यात कोणाचा आवाज पोचतो यावरही. लोणावळ्याची ओळख बनलेली चिक्की प्रारंभी १८ टक्क्यांच्या वर्गात होती. वस्तू व सेवा कर परिषदेच्या नोव्हेंबर २०१७ मधील गुवाहाटी येथील बैठकीत शेंगदाणा, तीळ व कुरमुरा यांची चिक्की ५ टक्क्यांवर आणण्यात आली. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निपजलेला इंद्रायणी तांदूळ सुटा विकल्यास करमुक्त असतो; १८ जुलै २०२२ पासून २५ किग्रॅ.पर्यंतच्या छापील वेष्टनातून विकल्यास मात्र त्यावर ५ टक्के कर लागू झाला. मार्गकरही घाटातून अगदी नाहीसा झालेला नाही. २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर खालापूर व तळेगाव येथे पथकर घेतला जातो. त्याच्या वसुलीचा हक्क २००४ मध्ये एका खाजगी कंपनीस १५ वर्षांसाठी ९१८ कोटी रुपये आगाऊ घेऊन देण्यात आला होता, जुन्या भाषेत मक्त्याने. मिठावर वस्तू व सेवा कर नाही.